स्टीमबोट ते तुरिन : स्पेशल ऑलिम्पिक्स हिवाळी जागतिक स्पर्धांची पन्नास वर्षे

फेब्रुवारी १९७७ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या स्टीमबोट स्प्रिंग्ज या डोंगरी गावात बौद्धिक दिव्यांग खेळाडूंची पहिली आंतरराष्ट्रीय हिवाळी स्पर्धा भरली. पाचशेहून अधिक खेळाडू त्या आठवड्यात स्कीइंग आणि स्केटिंगच्या शर्यतींत उतरले. फेब्रुवारी २०२७ मध्ये या घटनेला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत स्पर्धेच्या वाटचालीचा आढावा घेणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

स्पेशल ऑलिम्पिक्स आणि पॅरालिम्पिक्स यांची अनेकदा गल्लत होते, म्हणून सुरुवातीलाच एक खुलासा करतो. पॅरालिम्पिक्स ही मुख्यतः शारीरिक व दृष्टिविषयक दिव्यांगत्व असलेल्या अव्वल खेळाडूंची स्पर्धा आहे. स्पेशल ऑलिम्पिक्स ही बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी वर्षभर चालणारी क्रीडा चळवळ आहे. वयाच्या आठव्या वर्षापासून कोणालाही तिच्या स्पर्धांत उतरता येते आणि वयाला वरची मर्यादा नाही. नवशिक्यापासून निष्णातापर्यंत प्रत्येकाला त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळवून देणे हा तिचा पाया आहे. जागतिक उन्हाळी आणि हिवाळी स्पर्धा हे या चळवळीचे दोन मोठे सोहळे होत. त्यांतली हिवाळी स्पर्धा नऊ वर्षांनी धाकटी, पण घराचा उंबरठा तिनेच आधी ओलांडला. अमेरिकेबाहेर, युरोपात आणि आशियात हिवाळी स्पर्धा उन्हाळी स्पर्धेच्या आधी पोहोचली. हा इतिहास मांडताना ते आवर्जून सांगावेसे वाटते.

पार्श्वभूमी : १९६० चे दशक

या साऱ्याचे मूळ एका कुटुंबाच्या दुःखात आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांची धाकटी बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग होती. १९४१ मध्ये तिच्या मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेने तिची स्थिती अधिकच बिघडली आणि उरलेले सारे आयुष्य तिने संस्थेत काढले. तिच्यापेक्षा लहान असलेल्या युनिस यांनी बहिणीबरोबर पोहण्याचे आणि खेळण्याचे दिवस पाहिले होते. रोझमेरीला खेळता येते हे त्यांना कोणी पटवून देण्याची गरज नव्हती. सप्टेंबर १९६२ मध्ये युनिस केनेडी श्रायव्हर यांनी ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात लेख लिहून आपल्या बहिणीची हकिकत जगापुढे ठेवली. ज्या काळात अशी मुले पाहुण्यांच्या नजरेआड ठेवली जात, त्या काळात राष्ट्राध्यक्षांच्या घरातून हे उघडपणे सांगितले गेले. त्याने असंख्य आईवडिलांना धीर दिला.

त्याच वर्षी जूनमध्ये युनिस यांनी मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात या मुलांसाठी दिवसाचे शिबिर सुरू केले. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून आले आणि मुले त्यांच्यासोबत पोहू लागली, धावू लागली, चेंडू खेळू लागली. पुढे हे शिबिर ‘कॅम्प श्रायव्हर’ या नावाने ओळखले गेले.

याच सुमारास कॅनडात डॉ. फ्रँक हेडन हे टोरंटो विद्यापीठात या मुलांच्या शारीरिक क्षमतेवर संशोधन करत होते. ही मुले दुबळी राहतात त्याचे कारण त्यांच्या दिव्यांगत्वात नसून त्यांना कोणी खेळूच देत नाही यात आहे, असा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. युनिस यांच्या अनुभवाला त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाला. तिसरा धागा शिकागोचा. तिथल्या उद्यान विभागातील तरुण क्रीडाशिक्षिका अ‍ॅन बर्क यांनी या मुलांसाठी शहरपातळीवर मैदानी स्पर्धा भरवण्याची कल्पना मांडली. केनेडी प्रतिष्ठानाने ती उचलून धरली आणि राष्ट्रीय पातळीवर नेली. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिली स्पर्धा झाली. अमेरिकेतील २६ राज्ये आणि कॅनडा येथून सुमारे एक हजार खेळाडू आले होते. हजारोंच्या आसनक्षमतेच्या त्या मैदानात प्रेक्षक मात्र शंभरसुद्धा नव्हते.

त्या उन्हाळी दिवशी हिवाळी स्पर्धेचेही बीज पडले. टोरंटोचे क्रीडा समालोचक हॅरी ‘रेड’ फॉस्टर हे आपल्याबरोबर तिथल्या मुलांचा फ्लोअर हॉकीचा संघ घेऊन शिकागोला आले होते. मैदानी खेळ आणि जलतरण यांच्या जोडीला फ्लोअर हॉकी हा पहिल्याच स्पर्धेतला खेळ ठरला. पुढे हिवाळी स्पर्धांतही त्याने मानाचे स्थान मिळवले.

१९७० चे दशक : बर्फावर पहिले पाऊल

डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेच्या ऑलिम्पिक समितीने ‘ऑलिम्पिक्स’ हे नाव वापरण्याची परवानगी दिली. एव्हाना चळवळ अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत पोहोचली होती. थंड प्रदेशातल्या कार्यकर्त्यांची मात्र एक अडचण होती. वर्षातले चार-पाच महिने मैदाने बर्फाखाली, मग मुलांनी करायचे काय? गावातली इतर मुले त्या दिवसांत डोंगरावर स्की घेऊन जात आणि गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करत. ही मुले खिडकीतून पाहत राहत. त्यांनाही बर्फावर न्यावे, असे शिक्षकांना आणि पालकांना वाटू लागले.

तज्ज्ञांच्या आणि घरच्यांच्या मनात शंका होत्या आणि त्या अगदीच निराधार नव्हत्या. धावताना पडले तर गुडघा खरचटतो, उतारावर स्की घसरली तर हाड मोडू शकते. जड बूट, त्यांची कुलपे, थंडीचे कपडे, वर जाण्याची यंत्रे हे सगळे शिकवायचे कसे? प्रशिक्षकांनी उत्तर शोधले ते शिकवण्याची पायरी लहान करण्यात. आधी घरात बूट घालून चालणे, मग एकाच पायात स्की घेऊन सरकणे, मग दोन्ही पायांत, मग जेमतेम उतार. आजही अल्पाइन स्कीइंगच्या नियमपुस्तकात स्की पायात चढवून सपाट बर्फावर १० मीटर चालण्याचा प्रकार आहे. तो पार करणाऱ्या खेळाडूलाही मानाने व्यासपीठावर बोलावले जाते. प्रत्यक्षात हे दहा मीटर सोपे नसतात. दोन लांब फळ्या एकमेकींवर चढू द्यायच्या नाहीत, काठ्या योग्य वेळी टेकवायच्या, तोल सावरायचा आणि हे सारे अनोळखी गर्दीसमोर. ज्याने पहिल्यांदा बूट घालायला अर्धा तास घेतला असेल, त्याच्यासाठी ती शर्यतच आहे.

या पायाभरणीनंतर पहिल्या आंतरराष्ट्रीय हिवाळी स्पर्धेसाठी स्टीमबोट स्प्रिंग्जची निवड झाली. कार्ल हॉवेल्सन या नॉर्वेजियन स्कीपटूने १९१० च्या दशकात या गावाला स्कीचे वेड लावले होते आणि बर्फाशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असलेली माणसे तिथे घरोघरी होती. ५ ते ११ फेब्रुवारी १९७७ या काळात झालेल्या स्पर्धेचे चित्रीकरण अमेरिकेच्या तिन्ही प्रमुख दूरचित्रवाणी वाहिन्यांनी दाखवले. शिकागोच्या रिकाम्या बाकांनंतर नऊ वर्षांनी ही मुले देशाच्या दिवाणखान्यात पोहोचली.

१९८० चे दशक : मान्यतेची दहा वर्षे

दर चार वर्षांनी स्पर्धा भरवण्याचा पायंडा या दशकात पक्का झाला. १९८१ च्या मार्चमध्ये व्हरमाँट राज्यातील स्मगलर्स नॉच आणि स्टो येथे दुसरी स्पर्धा झाली. सहाशेहून अधिक खेळाडू आले. १९८५ मध्ये युटा राज्यातील पार्क सिटीत तिसरी स्पर्धा झाली, तिच्यात १४ देश सहभागी झाले. १९८९ च्या एप्रिलमध्ये नेवाडातील रीनो आणि कॅलिफोर्नियातील लेक टाहो परिसरात झालेल्या चौथ्या स्पर्धेत १८ देशांतील १,४०० हून अधिक खेळाडू उतरले.

या काळात निधी आणि मनुष्यबळ उभे करणे हे मोठे काम होते. १९८१ मध्ये कॅन्ससमधील विचिटा शहराचे पोलीसप्रमुख रिचर्ड लामन्यन यांनी पोलिसांची मशाल दौड सुरू केली. गणवेशातली माणसे मशाल घेऊन रस्त्याने धावतात आणि त्यातून चळवळीसाठी निधी जमतो, ही प्रथा अल्पावधीत देशोदेशी पसरली. हिवाळी स्पर्धेच्या उद्घाटनाआधी मशाल घेऊन गावोगाव धावणारे पोलीस आणि त्यांच्या बरोबरीने धावणारे खेळाडू हे दृश्य आज सर्वपरिचित आहे.

मान्यतेचा सर्वांत मोठा क्षणही हिवाळ्यातच आला. फेब्रुवारी १९८८ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे हिवाळी ऑलिम्पिक्स सुरू होती. तिथे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने स्पेशल ऑलिम्पिक्सला अधिकृत मान्यता देणारा करार केला. समितीचे अध्यक्ष होते हुआन अंतोनियो समारांच. सोल्जर फील्डनंतर वीस वर्षांत चळवळीने हे स्थान मिळवले.

याच दशकाच्या अखेरीस ‘युनिफाइड स्पोर्ट्‌स’ची कल्पना रुजली. बौद्धिक दिव्यांग खेळाडू आणि इतर खेळाडू एकाच संघात, एकाच गणवेशात खेळतात. चळवळीतल्या काही जुन्याजाणत्यांना सुरुवातीला ही कल्पना रुचली नव्हती. चर्चेअंती सर्वांनी एकदिलाने ती स्वीकारली आणि पुढच्या काळात तिची फळे सर्वांना दिसली.

१९९० चे दशक : अटलांटिकपलीकडे

२० ते २७ मार्च १९९३ या आठवड्यात पाचवी हिवाळी स्पर्धा ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग आणि श्लाडमिंग येथे झाली. स्पेशल ऑलिम्पिक्सची कोणतीही जागतिक स्पर्धा उत्तर अमेरिकेबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ. उन्हाळी स्पर्धा डब्लिनला, म्हणजे युरोपात, पोहोचली ती २००३ मध्ये, दहा वर्षांनी. ऑस्ट्रियात ५० हून अधिक देशांतील १,६०० खेळाडू पाच खेळांत उतरले : अल्पाइन स्कीइंग, क्रॉस-कंट्री स्कीइंग, फिगर स्केटिंग, स्पीड स्केटिंग आणि फ्लोअर हॉकी. शीतयुद्ध नुकतेच संपले होते आणि पूर्व युरोपातील देशांसाठी चळवळीचे दरवाजे नव्याने उघडले होते. तिथल्या अनेक मुलांचे आयुष्य मोठ्या बंदिस्त संस्थांत जात असे. आल्प्सच्या कुशीत भरलेली ही स्पर्धा त्यांच्या शिक्षकांसाठी डोळे उघडणारी ठरली.

फेब्रुवारी १९९७ मध्ये स्पर्धा कॅनडातील टोरंटो आणि कॉलिंगवुड येथे झाली. ७३ देशांतून सुमारे दोन हजार खेळाडू आले. ज्या शहरातून १९६८ चा फ्लोअर हॉकी संघ निघाला होता आणि जिथे डॉ. हेडन यांनी संशोधन केले होते, त्या टोरंटोला हा यजमानपणाचा मान मिळणे उचितच होते.

फ्लोअर हॉकीबद्दल इथे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ज्या देशांत बर्फ नाही त्यांच्यासाठी हिवाळी स्पर्धेचे दार याच खेळाने उघडले. हा खेळ लाकडी वा सिमेंटच्या फरशीवर साध्या बुटांनी खेळला जातो. पकडायला काठी असते, पण तिला पाते नसते. चेंडूच्या जागी नमद्याची जाड चकती असते आणि तिच्या मध्यभागी भोक. काठीचे टोक त्या भोकात घालून चकती ओढत न्यायची, वळवायची आणि गोलात मारायची. एका वेळी गोलरक्षकासह सहा खेळाडू मैदानात असतात. पाते नसल्यामुळे काठी हाताळणे लवकर जमते आणि बर्फाचा रिंक नसला तरी सराव अडत नाही. आफ्रिका, आशिया आणि कॅरिबियनमधील संघ या खेळाच्या बळावर हिवाळी स्पर्धेत आले आणि मुलांनी आयुष्यातला पहिला बर्फ पाहिला.

१९९७ मध्येच ‘हेल्दी अ‍ॅथलीट्स’ हा आरोग्य तपासणीचा उपक्रम औपचारिकपणे सुरू झाला. स्पर्धेला आलेल्या खेळाडूंचे डोळे, दात, कान, पाय तपासताना डॉक्टरांच्या लक्षात आले की अनेकांना वर्षानुवर्षे नीट दिसत नव्हते, दाढा किडलेल्या होत्या, आणि कोणी विचारलेच नव्हते. आपल्याला काय होते ते शब्दांत सांगता न येणाऱ्या माणसाचे दुखणे ‘तो असाच आहे’ म्हणून सोडून दिले जाते. खेळाच्या निमित्ताने ते उजेडात आले.

२००० चे दशक : आशियात पदार्पण

मार्च २००१ मध्ये स्पर्धा अलास्कातील अँकरेज येथे झाली. १,८०० हून अधिक खेळाडू आले. अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीने स्पर्धेच्या काळात, ५ मार्च रोजी, अँकरेजलाच बैठक घेऊन बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या आरोग्याविषयी साक्षी नोंदवल्या. अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स यांनी त्यात पुढाकार घेतला होता. खेळाच्या मैदानावर जमा झालेली माहिती अशा रीतीने कायदेमंडळापर्यंत पोहोचली. लायन्स क्लब्जच्या आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठानानेही याच सुमारास नेत्रतपासणीच्या उपक्रमाला हातभार लावला. आपल्याकडेही गावोगावच्या लायन्स क्लबांची नेत्रशिबिरे वाचकांना परिचित आहेत.

२६ फेब्रुवारी ते ५ मार्च २००५ या काळात जपानमधील नागानो येथे आशियातील पहिली जागतिक स्पर्धा झाली. ८४ देश सहभागी झाले. आशियातली उन्हाळी स्पर्धा शांघायला झाली ती त्यानंतर दोन वर्षांनी. नागानोने १९९८ मध्ये हिवाळी ऑलिम्पिक्स आणि पॅरालिम्पिक्सचे यजमानपद सांभाळले होते, त्यामुळे सुविधा तयार होत्या. माणसांची मने तयार करण्याचे काम कायोको होसोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीची दहा वर्षे जपानभर केले होते. स्पर्धेपूर्वी परदेशी संघांना जपानी गावांनी आपल्याकडे ठेवून घेतले. शाळेतल्या मुलांनी पाहुण्यांची भाषा शिकून त्यांचे स्वागत केले. घरात पाहुणा म्हणून आलेल्या दिव्यांग माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, हे नागानोने दाखवून दिले.

२००९ ची स्पर्धा मूळ बोस्नियातील सारायेव्होला ठरली होती. आर्थिक अडचणींमुळे ती तिथे होऊ शकली नाही. अमेरिकेतील आयडाहो राज्याने जबाबदारी स्वीकारली आणि ७ ते १३ फेब्रुवारी २००९ या काळात बॉइझी परिसरात सुमारे शंभर देशांतील जवळजवळ दोन हजार खेळाडूंची स्पर्धा यशस्वी केली. अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन तिला उपस्थित होते. तिथे जमलेल्या तरुणांच्या परिषदेतून, बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना हिणवणारे शब्द बोलीतून हद्दपार करण्याची मोहीम निघाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने ‘रोझाज लॉ’ हा कायदा करून संघराज्याच्या कायद्यांतून जुनी हीनतादर्शक संज्ञा काढून टाकली.

११ ऑगस्ट २००९ रोजी युनिस केनेडी श्रायव्हर यांचे निधन झाले. बॉइझीची स्पर्धा ही त्यांच्या हयातीतली शेवटची हिवाळी स्पर्धा ठरली. त्यांचे चिरंजीव डॉ. टिमोथी श्रायव्हर यांनी १९९६ पासूनच धुरा सांभाळली होती.

२०१० चे दशक : विस्तार आणि भारताची झेप

२९ जानेवारी ते ५ फेब्रुवारी २०१३ या काळात स्पर्धा दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे झाली. शंभराहून अधिक देशांतील दोन हजारांवर खेळाडू आले. म्यानमारच्या नेत्या आँग सान सू ची पाहुण्या म्हणून आल्या होत्या आणि कोरियाची लाडकी फिगर स्केटर किम यू-ना खेळाडूंमध्ये मिसळली. पाच वर्षांनी याच प्योंगचांगने हिवाळी ऑलिम्पिक्स भरवले.

मार्च २०१७ मध्ये स्पर्धा चोवीस वर्षांनी ऑस्ट्रियात परतली. श्लाडमिंगला उतारावरचे खेळ, राम्साऊला क्रॉस-कंट्री आणि स्नोशूइंग, ग्राट्स शहरात सभागृहातले खेळ अशी विभागणी होती. अडीच हजारांहून अधिक खेळाडू नऊ खेळांत उतरले. १९९३ चे पाच खेळ नवावर गेले होते. स्नोबोर्डिंग, स्नोशूइंग आणि फ्लोअरबॉलच्या जोडीला ऑस्ट्रियाचा स्वतःचा आइसस्टॉकचा खेळही होता.

भारताच्या दृष्टीने ही स्पर्धा संस्मरणीय ठरली. भारतीय पथकाने ३७ सुवर्ण, १० रौप्य आणि २६ कांस्य अशी ७३ पदके मिळवली. आपल्या देशात ही चळवळ २००१ पासून ‘स्पेशल ऑलिम्पिक्स भारत’ या नोंदणीकृत संस्थेमार्फत चालते आणि महाराष्ट्रासह राज्योराज्यी तिच्या शाखा आहेत. हिमाचल प्रदेशातील नारकंडा येथील शिबिरांत खेळाडूंना प्रत्यक्ष बर्फावर उभे केले जाते. उरलेले वर्षभर सराव चालतो तो शाळेच्या सभागृहात, सिमेंटच्या मैदानावर आणि चाकांच्या स्केट्सवर.

महाराष्ट्रातील विशेष शाळांची परंपरा याहून जुनी आहे. मुंबईत वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या शिक्षणासाठी १९४४ मध्ये सुरू केलेली जय वकील शाळा हे तिचे ठळक उदाहरण. केनेडी कुटुंबात जे बहिणीच्या मायेने झाले, ते इथे आईवडिलांच्या मायेने झाले. अशा शाळांतले शिक्षक तुटपुंज्या साधनांवर मुलांना मैदानावर नेत राहिले, म्हणून बर्फ न पाहिलेल्या प्रदेशांतूनही हिवाळी खेळाडू घडू शकतात.

२०२० चे दशक : कसोटीचा काळ आणि पुनरारंभ

या दशकाची सुरुवात खडतर झाली. २०२१ ची स्पर्धा स्वीडनमधील ओस्टरसुंड आणि ओरे येथे व्हायची होती. निधीची जुळवाजुळव होऊ न शकल्याने डिसेंबर २०१९ मध्ये ती रद्द करावी लागली. त्यानंतर रशियातील कझान शहर पुढे आले. जानेवारी २०२२ चा मुहूर्त ठरला, तो कोविडमुळे जानेवारी २०२३ वर गेला आणि युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये तीही स्पर्धा रद्द झाली.

महासाथीच्या काळात विशेष शाळा आणि सराव बंद होते. नेहमीचा दिनक्रम मोडला की बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना त्याचा अधिक त्रास होतो, हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक आहे. प्रशिक्षकांनी मोबाइलवरून व्यायाम घेतले. आईवडिलांनी गच्चीवर, अंगणात, जिन्यावर मुलांना हलते ठेवले. हे काम कोणत्याही अहवालात ठळकपणे येणार नाही, पण संस्थेच्या इतिहासात त्याची नोंद असलीच पाहिजे.

अखेर आठ वर्षांच्या खंडानंतर ८ ते १६ मार्च २०२५ या काळात इटलीतील तुरिन येथे स्पर्धा झाली. इनाल्पी अरेनात उद्घाटन झाले. सुमारे शंभर देशांतील जवळजवळ १,५०० खेळाडू आठ खेळांत उतरले. बर्फावरचे खेळ सेस्त्रिएरे, बार्दोनेक्किया आणि प्राजेलातो या २००६ च्या ऑलिम्पिक्सने नावारूपाला आलेल्या गावांत झाले. नृत्यक्रीडेने या वेळी पदकांच्या खेळांत स्थान मिळवले. भारतीय पथकाने ८ सुवर्ण, १८ रौप्य आणि ७ कांस्य अशी ३३ पदके आणली.

आजचे कार्य

हिवाळी स्पर्धा दर चार वर्षांनी एकदा होत असली तरी तिच्यामागचे काम अखंड चालते. खेळाडूकडून प्रशिक्षणाचे वा सहभागाचे शुल्क घेतले जात नाही. जागतिक स्पर्धेसाठी निवड करताना केवळ सर्वांत वेगवान खेळाडू पाहिले जात नाहीत. खालच्या पातळीवर कोणत्याही गटात पहिला आलेला खेळाडू पात्र ठरतो आणि पात्र खेळाडू जागांपेक्षा जास्त असतील तर सोडत काढली जाते. सावकाश धावणाऱ्या विजेत्यालाही जगापुढे जाण्याची तितकीच संधी मिळावी, हा त्यामागचा विचार.

गटवारी हा तर या स्पर्धेचा कणा आहे. खेळाडूंचे आधी वय आणि लिंगानुसार गट पडतात, मग प्राथमिक फेरीतल्या कामगिरीनुसार. समजा, स्नोशूइंगच्या १०० मीटरमध्ये एखाद्याने प्राथमिक फेरीत ४० सेकंद घेतले. बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली रुंद पावटी बांधून धावायचे, म्हणून हा वेळ. त्याच्या गटातल्या सर्वांत संथ खेळाडूची वेळ शक्यतो ४६ सेकंदांच्या आत असावी, कारण सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ यांच्यात पंधरा टक्क्यांपेक्षा फार अंतर असू नये असा दंडक आहे. एका गटात तीन ते आठ खेळाडू असतात. सोपा गट मिळावा म्हणून प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावणाऱ्याला अंतिम फेरीत अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. पहिल्या तिघांना पदके आणि चौथ्यापासून आठव्यापर्यंत फिती मिळतात. कौतुकापोटी जिंकवून देण्याची सोय या नियमांत नाही. जिंकायला मिळावे आणि ते जमले नाही तर प्रयत्नात हिंमत कमी पडू नये, अशा आशयाची शपथ खेळाडू घेतात. हे नियम म्हणजे त्या शपथेचीच अंमलबजावणी आहे.

स्पीड स्केटिंगमध्ये १११ मीटरच्या एका फेरीपासून १,५०० मीटरपर्यंतच्या शर्यती आहेत. क्रॉस-कंट्रीमध्ये काही मीटरपासून १० किलोमीटरपर्यंत. दहा मीटर चालणारा आणि दहा किलोमीटर जाणारा, दोघेही एकाच संचलनात आपल्या देशाच्या ध्वजामागे चालतात. खेळांबरोबरच आरोग्य तपासणी, तरुणांच्या परिषदा आणि कुटुंबीयांचे मेळावे हेही आज स्पर्धेचे अविभाज्य भाग झाले आहेत. लॉरेटा क्लेबॉर्न यांच्यासारखे खेळाडू आता चळवळीच्या नेतृत्वात बसतात आणि आपले म्हणणे स्वतः मांडतात.

ऋणनिर्देश आणि पुढील वाटचाल

पन्नास वर्षांत बारा हिवाळी स्पर्धा झाल्या. उत्तर अमेरिका, युरोप आणि आशिया अशा तीन खंडांनी यजमानपद भूषवले. या कार्यात मतभेदाचे प्रसंग आले, यजमान बदलले, पैशाची चणचण भासली. प्रत्येक वेळी कार्यकर्त्यांनी खेळाडूचे हित समोर ठेवून मार्ग काढला. संस्थापकांची नावे इतिहासात राहतील. त्यांच्याइतकेच श्रेय पहाटे मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधणाऱ्या प्रशिक्षकांचे, अंतिम रेषेवर उभ्या असलेल्या स्वयंसेवकांचे, तपासणीच्या टेबलांमागच्या डॉक्टरांचे, मशालधारी पोलिसांचे आणि मुलाला पहिल्यांदा दुसऱ्याच्या हाती सोपवून विमानतळावर निरोप देणाऱ्या आईवडिलांचे आहे. त्या सर्वांप्रती आम्ही कृतज्ञ आहोत.

पुढील हिवाळी स्पर्धा १० ते १७ मार्च २०२९ या काळात स्वित्झर्लंडमधील खूर, आरोझा आणि लेंझरहाइड येथे होणार आहे. तिथे जाणाऱ्या खेळाडूंपैकी अनेक जण आज कुठल्या तरी विशेष शाळेत शिकत असतील. त्यांना शोधून मैदानावर आणणे हे आपले काम आहे. आपल्या गावातील विशेष शाळेत जाऊन आठवड्यातला एक तास मुलांबरोबर खेळण्याचा संकल्प या सुवर्णमहोत्सवी वर्षात वाचकांनी करावा, ही नम्र विनंती. १९६२ च्या शिबिरात आलेल्या विद्यार्थ्यांनीही एवढेच केले होते आणि त्यातूनच ही जागतिक स्पर्धा उभी राहिली.